मागचा शॉकअप कडक करायच्या आधी टेप घ्या

ऑफ-रोड मोटरसायकलच्या सस्पेन्शनबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाऊस ओसरला, घाटमाथ्यावरच्या वाटा वाळायला लागल्या, की आमच्याकडे ठरावीक तक्रारींच्या गाड्या येतात. ‘मागून फेकते.’ ‘उतारावर पुढचं चाक धरत नाही.’ ‘खड्ड्यात शॉकअप तळाला बसतो.’ त्यातले निम्मे जण पहिल्याच वाक्यात नव्या शॉकअपची किंमत विचारतात. आम्ही उलट विचारतो, तुम्ही गाडीवर बसल्यावर मागची बाजू किती मिलिमीटर खाली बसते? बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं. हा कागद त्या मोजणीसाठी आहे. घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन मित्र आणि एक टेप एवढ्यावर ती होते, आणि आमच्या अनुभवात बऱ्याच गाड्यांचा निम्मा आजार तिथेच कळतो.

त्याआधी चार गोष्टी

पहिली टायरमधली हवा. हायवेसाठी भरलेली 28-30 पीएसआय हवा तशीच ठेवून दगडांवर गेलात, तर जगातला सर्वात महाग शॉकअपही कडक वाटेल. ट्यूब असलेल्या टायरला कच्च्या वाटेवर आम्ही 20-22 ठेवतो. सामान असेल किंवा सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचे धारदार दगड असतील, तर 18 च्या खाली जाऊ नका. रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. छोटा पंप सोबत ठेवा, डांबरी रस्त्याला लागलात की हवा परत भरा.

दुसरी कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग. पुढचं चाक जमिनीपासून उचला, फोर्कचे (पुढच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे) दोन्ही पाय खाली धरून पुढे-मागे हलवा. ‘खट’ लागलं तर कोनसेट ढिला आहे. हँडल सावकाश फिरवताना मध्यभागी खाच लागल्यासारखं अडकत असेल, तर बेअरिंग बदलायला झालं आहे. अशा गाडीचं सस्पेन्शन सेट करणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

तिसरी मागचं लिंकेज आणि स्विंगआर्म. स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा हात, आणि लिंकेज म्हणजे त्याला शॉकअपशी जोडणारे सांधे. मागचं चाक धरून वर-खाली आणि डाव्या-उजव्या बाजूला हलवा. एका ग्राहकाची गाडी ‘मागून दगड झाली’ म्हणून आली होती. शॉकअप उत्तम होता. पण सलग दोन पावसाळे ओढे पार केले होते आणि लिंकेज एकदाही उघडून ग्रीस केलं नव्हतं. आतल्या सुईबेअरिंगचा तपकिरी भुगा झाला होता. बेअरिंग बदलली, ग्रीस भरलं, गाडी पुन्हा मऊ झाली. लिंकेज असलेल्या गाडीला दर पावसाळ्यानंतर एकदा हे काम कराच.

चौथी फोर्कची ओळ. गाडी पडली की दोन पाय एकमेकांशी किंचित पिळले जातात आणि आत घासतात. अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) पिंच बोल्ट आणि फोर्कचे पाय धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करा, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा, पाय आपोआप सरळ होतात, मग बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळा. वाकलेला पाय मात्र असा सुटत नाही.

सॅग म्हणजे काय, आणि तो का हवा

गाडी स्वतःच्या वजनाने थोडी बसते, तुम्ही बसलात की आणखी बसते. या बसण्याला सॅग म्हणतात. बसणं हा दोष वाटतो, पण तसा तो नाही. खड्डा आला की चाकाला खाली जाऊन जमीन धरायची असते, त्यासाठी खाली जायला जागा शिल्लक हवी. गाडी अगदी वर, ताठ उभी असेल तर चाक हवेत लटकतं आणि पकड सुटते. ती फार खाली बसलेली असेल तर दगडावर वर यायला जागाच उरत नाही. ऑफ-रोडसाठी ढोबळ नियम असा: स्वारासकट सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) 30 ते 33 टक्के मागे, पुढे थोडा कमी.

मोटोक्रॉसच्या गाड्यांना साधारण 300 मिमी ट्रॅव्हल असतो, म्हणून तिथे 100-105 मिमी हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तोच आकडा इंटरनेटवर वाचून कोणी आपल्या हिरो एक्सपल्सला लावतो, आणि तिथे गडबड होते. स्टँडर्ड एक्सपल्स 200 चा ट्रॅव्हल पुढे 190 आणि मागे 170 मिमी आहे. प्रो मॉडेलचा 250 आणि 220. रॉयल एन्फिल्डच्या जुन्या 411 सीसी हिमालयनचा 200 आणि 180. म्हणजे प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, टक्का तोच.

(हे सगळं लांब ट्रॅव्हलमुळे आलं. 1960 च्या दशकात मोटोक्रॉस गाड्यांचं मागचं चाक जेमतेम 100 मिमी हलायचं. 1973 मध्ये हाकन आंदेर्सन यांनी यामाहाच्या मोनोशॉक (मागे एकच शॉकअप असलेल्या) गाडीवर 250 सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्याच कंपन्या ट्रॅव्हल वाढवत गेल्या. चाक जितकं जास्त हलतं, तितका तुमच्या वजनाचा फरक जास्त पडतो.)

मोजायची पद्धत

मागचं चाक हवेत राहील अशी गाडी उभी करा. 411 हिमालयनला डबल स्टँड आहे. एक्सपल्सला नाही, तिथे इंजिनच्या खाली मजबूत क्रेट किंवा लाकडी ठोकळे लावा आणि एकाने हँडल धरा. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर, मडगार्ड किंवा साइड पॅनेलवर मार्करने एक खूण करा. हे अंतर पहिलं माप.

आता गाडी जमिनीवर, कोणी न बसता, सरळ उभी धरा. दुसरं माप. मग तुम्ही बसा. घरातल्या कपड्यांत नाही: हेल्मेट, बूट, जॅकेट, पाण्याची बॅग भरून, जसे ट्रेलवर जाता तसे. पाय पेगवर, शक्य असेल तर उभे राहून दोनदा सीट दाबा आणि नेहमीच्या जागी बसा. तिसरं माप.

सीलच्या घर्षणामुळे माप दर वेळी थोडं हलतं. म्हणून एकदा गाडी वर उचलून हळूच सोडून मोजा, एकदा दाबून हळूच सोडून मोजा, आणि दोन्हीचा मध्य धरा. या दोन मापांत 10 मिमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर आत काहीतरी अडकतंय, वरच्या चार गोष्टी पुन्हा बघा.

एक उदाहरण. 170 मिमी ट्रॅव्हलची गाडी, पहिलं माप 620, दुसरं 604, तिसरं 556. मोकळा सॅग (कोणी न बसता) 16, स्वारासकट 64. म्हणजे जवळपास 38 टक्के, गाडी खाली बसली आहे. आपल्याला 51 ते 56 च्या मध्ये यायचं आहे. सी-स्पॅनरने (शॉकअपची रिंग फिरवायच्या आकड्याच्या पान्याने) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला. स्वारासकट सॅग 54 झाला. छान वाटतं ना? पण दुसरं माप परत घ्या. मोकळा सॅग 16 वरून 6 वर आला. गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ बसतच नाही, ती वरच्या टोकाला टेकून उभी आहे.

या पूर्ण कागदातली सर्वात महत्त्वाची गोष्ट इथे आहे, म्हणून सावकाश वाचा. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त वर उचलली जाते. वरच्या उदाहरणात तुमच्या वजनाने गाडी आधीही 48 मिमी बसत होती आणि नंतरही 48 मिमीच बसते. याचा अर्थ स्प्रिंग या स्वारासाठी मऊ आहे. साधारण 12 टक्के कडक स्प्रिंग घातली, तर तेच वजन 43 मिमी दाबेल, मोकळा सॅग 12 आणि स्वारासकट 55 असा जमेल. उलट स्वारासकट सॅग बरोबर आणि मोकळा सॅग फार जास्त येत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. हलक्या अंगाच्या स्वारांच्या बाबतीत हे नेहमी घडतं, आणि त्यांना कोणीतरी ‘सवय होईल’ असं सांगून परत पाठवलेलं असतं. सवय होत नाही. हात दुखतात.

म्हणून शॉकअप घेण्याआधी स्प्रिंगचा विचार करा. खर्च बराच कमी होतो आणि फरक मोठा पडतो.

पुढे तीच पद्धत, फक्त 25 ते 30 टक्के धरा. फोर्कवर रबरी गेटर (धूळ अडवणारं आवरण) असेल तर तो वर सरकवा, पायाला एक केबल टाय बांधा. चाक हवेत असताना तो सीलला टेकवा, गाडी खाली घेऊन बसा, मग हळूच उतरून टाय किती सरकला ते मोजा. फोर्कचा प्रीलोड बाहेरून बदलता येत नसेल तर आत स्पेसर बसवावा लागतो. ते काम आमच्यावर सोडा. टाय मात्र तसाच ठेवा, ट्रेल संपल्यावर एकूण किती ट्रॅव्हल वापरला गेला तेही त्यावरून कळतं. दिवसभरात एकदा-दोनदा टाय तळाजवळ पोचायला हवा. कधीच पोचत नसेल तर तुम्ही घेतलेला ट्रॅव्हल वाया जातोय.

पुढचं आणि मागचं

मागची बाजू जास्त बसली की पुढचा फोर्क मागे कलतो, वळणावर गाडी रुंद जाते, पुढचं चाक हलकं लागतं. मागची बाजू उंच राहिली की हँडल चपळ होतं, पण उतारावर आणि वाळूत झटके मारतं. अशा वेळी बहुतेक जण फोर्कला दोष देतात, आणि खरं कारण मागे असतं. मागचा सॅग जमल्यावरही थोडी शंका उरली, तर फोर्क क्लॅम्पमध्ये 3 ते 5 मिमी वर-खाली सरकवून बघा, दोन्ही पाय सारखे. एवढ्यानेसुद्धा फरक कळतो. जास्त वर सरकवलात तर तळाला गेल्यावर टायर मडगार्डला किंवा खालच्या क्लॅम्पला लागू शकतो, ते आधी तपासा.

क्लिकर

ज्यांच्या गाडीला क्लिकर (रिबाउंड आणि कंप्रेशन बदलायचे, क्लिक-क्लिक फिरणारे स्क्रू) आहेत त्यांनी आधी सध्याची जागा लिहून घ्या. स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने बंद होईपर्यंत फिरवा आणि क्लिक मोजा. शेवटी जोर लावला तर आतली सुई आणि तिची सीट खराब होते. मग परत मूळ जागेवर आणा.

रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत येते. तो फार मोकळा असेल तर दगडावरून उतरताना मागची बाजू उसळते, सीट पाठीला ढकलते. फार आवळलेला असेल तर फसवं होतं: घरी दाबून बघितलं की गाडी कशी मऊ, शांत वाटते. पण पन्हळी पत्र्यासारख्या रस्त्यावर एक धक्का पचवून वर यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि सस्पेन्शन पायरी-पायरीने खाली बसत जातं. शेवटी ट्रॅव्हल संपतो आणि गाडी कडक लागते. स्वाराला वाटतं कंप्रेशन जास्त आहे, तो कंप्रेशन सोडतो आणि गोष्ट आणखी बिघडते. काही वर्षांपूर्वी आम्हीही एका गाडीचा फोर्क असाच जास्त आवळून दिला होता. मुरमाच्या उतारावर पुढचं चाक सुटलं आणि चालवणाऱ्या मुलाचं मनगट दुखावलं. तेव्हापासून आम्ही दुकानासमोर दाबून बघून सेटिंग देत नाही, ट्रेलवर चालवूनच देतो.

कंप्रेशनचं, म्हणजे सस्पेन्शन दबताना होणाऱ्या विरोधाचं, तसं सोपं आहे. ‘लो-स्पीड’ आणि ‘हाय-स्पीड’ हे शब्द गाडीच्या वेगाबद्दल नाहीत, शॉकअपचा दांडा किती वेगाने आत जातो त्याबद्दल आहेत. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, चढणीवर मागची बाजू बसणं हे लो-स्पीड. 20 किमीच्या वेगातही चाक धारदार दगडावर आदळलं की ते हाय-स्पीड.

तीन-चार मिनिटांची एक फेरी ठरवा, ज्यात चढ, उतार, दगड आणि एक वळण येईल. आधी पाच मिनिटं चालवून तेल गरम होऊ द्या, थंड तेलावर केलेलं सेटिंग दुपारी ढिलं लागतं. एका वेळी एकच बदल, दोन क्लिक, परत तीच फेरी. वहीत लिहा. कोकणातल्या जांभ्याच्या घट्ट, खरबरीत वाटेवर आम्हाला कंप्रेशन थोडं सोडलेलं आवडतं, मराठवाड्यातल्या काळ्या मातीत फरक सस्पेन्शनपेक्षा टायरचा जास्त पडतो.

लडाखला जाणाऱ्यांसाठी

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर, खारदुंग ला 5,359. वर बाहेरच्या हवेचा दाब खालच्या निम्म्याजवळ येतो. फोर्कच्या आत अडकलेली पुण्याची हवा तशीच असते, त्यामुळे तिथे फोर्क सुमारे 6 पीएसआय फुगल्यासारखा होतो. कडक लागतो आणि सीलवर ताण येतो. फोर्कवर एअर ब्लीड स्क्रू (आतली हवा सोडायचा) असेल, तर पुढचं चाक उचलून वर पोचल्यावर आणि खाली उतरल्यावर तो क्षणभर सोडा. सामान बांधल्यावर मागचा सॅग सामानासकट पुन्हा मोजा आणि त्याप्रमाणे प्रीलोड वाढवा. परत आल्यावर तो उतरवायला विसरू नका.

घरी करू नका

शॉकअपच्या डब्यात साधारण 10 बार दाबाचा नायट्रोजन असतो. व्हॉल्व्ह उघडू नका. दाबलेली स्प्रिंग, स्प्रिंग दाबून धरायच्या हत्याराशिवाय (स्प्रिंग कंप्रेसर) सोडू नका. फोर्कचं तेल मात्र डर्ट चालवणाऱ्यांनी 10,000 किमीला किंवा वर्षातून एकदा बदलावं, आम्ही तेलाची उंची 5 मिमीच्या टप्प्यांनी बदलून देतो. तेल थोडं वाढवलं की ट्रॅव्हलचा शेवटचा भाग कडक होतो, तळाला आपटणं थांबतं आणि सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो.

आमच्याकडे येताना गाडी धुऊन आणा, विशेषतः मागच्या शॉकअपभोवती. तीनही मापं, हेल्मेट-बूट-जॅकेटसकट तुमचं वजन आणि केबल टाय कुठे थांबला तो आकडा लिहून आणा. हेल्मेट, बूट आणि पाण्याची बॅग सोबत घ्या, कारण गाडी तुमच्यासाठी सेट होणार आहे आणि आम्ही तुम्हाला तिच्यावर बसवणार आहोत.