वृत्तनिवेदकाचे सोंग

कोकणातील दशावतार हे लोकनाट्य, मालवणी प्रहसने व उत्सवी एकांकिका यांत दूरचित्रवाणीवरील निवेदकाची नक्कल करून बातमीच्या खरेपणाला हात घालणारे विनोदी पात्र. वर कोट-टाय, खाली पंचा आणि पुढ्यात टेबल एवढ्यावर ते उभे राहते. टेबल बाजूला झाले की पंचा दिसतो आणि सोंगाचा अर्थ प्रेक्षकांना न सांगता कळतो. मालवणीत ‘गजाल’ म्हणजे गप्पा, गोष्ट, प्रकरण. बातमी कुठे संपते आणि गजाल कुठे सुरू होते, यावर या पात्राचा सारा विनोद चालतो.

हे सोंग दूरदर्शनमुळे आले असे सहज वाटते. परंतु त्याची जागा रंगमंचावर आधीपासून होती, हे मत अधिक ग्राह्य दिसते. ती जागा दशावतारातील संकासुराची. खेळाच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, तो ब्रह्मदेवाचे वेद पळवतो व अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. मधल्या वेळात तो सूत्रधाराशी मालवणीत सवालजबाब करतो आणि गावातली उणीदुणी, पुढाऱ्यांची आश्वासने, कोणाचा बांध कोणी सरकवला हे सगळे चव्हाट्यावर मांडतो. अंगावर काळा वेश, तोंडावर काळे फडके, त्यातून लोंबणारी लांब लाल जीभ. बोलण्याचा अतिरेक दाखवायला याहून नेमकी खूण सापडणे कठीण.

संकासुर हे नाव ‘शंखासुर’ याचे बोलीरूप होय. मत्स्यावताराच्या कथेत भागवताच्या आठव्या स्कंधात वेद चोरणारा दैत्य हयग्रीव आहे. शंख हे नाव पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात येते. दशावतारी जत्रांचा हंगाम कार्तिकातच सुरू होतो, तेव्हा हा पाठ कीर्तनकार-पुराणिकांच्या तोंडून खेळात आला असावा. खेळाचा काळही वादग्रस्त आहे. आडिवरे (ता. राजापूर) येथील शामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास तो कर्नाटकातून आणला, अशी एक परंपरा आहे, दुसरी परंपरा हे श्रेय गोरे नावाच्या ब्राह्मणास देते व मूळ केरळात पाहते. मात्र समर्थ रामदासांच्या दासबोधात (सतरावे शतक) स्त्रीवेश घेणाऱ्या दशावतारी खेळाडूंचा उल्लेख येतो. त्यामुळे १७२८ हे साल आरंभाचे न मानता, फार तर दक्षिण कोकणात खेळाला आलेल्या आजच्या रूपाचे मानावे.

दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात; म्हणून आज सकाळी कानावर आलेली गोष्ट रात्री रंगमंचावर येऊ शकते. नेपथ्य म्हणजे एक पडदा आणि एक बाकडे. राजाचे सिंहासन तेच, वेळ पडल्यास निवेदकाचे आसनही तेच. नट मांडी घालून बसतो, हातातला कागद उलटा धरतो, घसा खाकरतो आणि पेटीवाला एक सूर लांबवतो.

मराठी दूरचित्रवाणीचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शनने झाला. स्मिता पाटील व भक्ती बर्वे यांसारख्या अभिनेत्रींनी तेथे बातम्या वाचल्या. त्या काळी निवेदकाचे काम संथ स्वरात, शुद्ध उच्चारात वाचण्याचे होते आणि विनोदही त्या संथपणाचाच होई. २००७ पासून चोवीस तास चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि वाचणारा निवेदक प्रश्न विचारणारा, ओरडणारा, निकाल देणारा झाला. प्रहसनातील निवेदकाची कारकीर्दही तशीच वळली: गावातून मुंबईला गेलेला हुशार मुलगा, आधी अडखळत खरे सांगणारा, पुढे आवाज चढला तसा खरेपणा सोडत गेलेला. तो जत्रेला परततो तेव्हा त्याला उलट प्रश्न विचारणारी बहुधा म्हातारी असते, आणि ती एवढेच विचारते, ‘तू थंय (तिथे) होतंस काय?’ साक्षीची ही कसोटी अत्यंत न्याय्य आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी बातमी चुकीची असणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. राज्यात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. संकासुर ज्या मुलुखात बोलतो, तोच हा मुलुख.

रत्नागिरीकडील नमन-खेळे या लोकनाट्यातही संकासुर आहे. काळा झगा, टोकदार टोपी, पांढरी दाढी असा त्याचा वेश. तेथे त्याचे अंग बहुधा नाचाचे असते आणि चालू घडामोडींवरील थट्टा गौळण व वग यांत येते.