फोन आणि संगणक जुळते ठेवण्यामागची तीस वर्षे

फोनमधला फोटो संगणकावर पाठवणे हे एक काम. फोन आणि संगणक या दोन्हींवरचा एकच फोल्डर कायम सारखा ठेवणे हे दुसरे. बोलताना दोन्हींना आपण ‘सिंक’ म्हणतो. पहिले काम तारेशिवाय करणे १९९०च्या दशकातच जमले होते. दुसरे आजही पुरते सुटलेले नाही. या विषयाची माहिती देताना बहुतेक ठिकाणी इन्फ्रारेड, ब्लूटूथ, वायफाय अशी वेगाची चढती भाजणी मांडली जाते. ती खरी आहे, पण तिच्यातून खरी अडचण कुठे होती ते कळत नाही. ती अडचण लहरींमध्ये नव्हती, हिशेबात होती.

घरखर्चाचा एक तक्ता फोनवर आहे आणि संगणकावरही. सकाळी बाजारात असताना फोनवरच्या तक्त्यात भाजीचा खर्च लिहिला. त्याच वेळी घरी कुणी संगणकावरच्या तक्त्यात वीजबिल भरल्याची नोंद केली. संध्याकाळी दोन्ही यंत्रे एका वायफायवर आली. आता कोणती प्रत खरी? नवी प्रत ठेवावी तर वीजबिल किंवा भाजी यांपैकी एक नोंद जाणार. याहून अवघड प्रश्न खोडलेल्या फाइलचा. फोनवर फाइल आहे, संगणकावर नाही. ती फोनवर नव्याने तयार झाली, की संगणकावरून मुद्दाम काढून टाकली? दोन्हीकडची आत्ताची स्थिती कितीही निरखली तरी याचे उत्तर मिळत नाही. मागच्या जुळणीच्या वेळी काय होते, याची नोंद कुठेतरी ठेवलेलीच असावी लागते.

ही नोंद ठेवण्याची सोय सामान्य माणसाच्या हातात आणणारे पहिले गाजलेले यंत्र म्हणजे १९९६ सालचे ‘पायलट’. पाम कॉम्प्युटिंगचे जेफ हॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले हे यंत्र फोन नव्हते. वेळापत्रक, पत्ते आणि टिपणे ठेवणारा खिशातला संगणक होता. तो एका बैठकीत, म्हणजे टेबलावरच्या खाचेच्या आधारात ठेवायचा, बैठक तारेने संगणकाला जोडलेली, आणि बैठकीवर एकच बटण. ते दाबले की ‘हॉटसिंक’ सुरू. तार होती, पण पुढच्या सगळ्या बिनतारी प्रकारांचा गाभा इथेच होता. प्रत्येक नोंदीला ‘बदलली’ अशी खूण असे. खोडलेली नोंदही लगेच पुरती पुसली जात नसे, पुढच्या जुळणीपर्यंत ‘खोडली’ असा शिक्का घेऊन राहत असे. एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल तर दोन्ही ठेवल्या जात आणि निवड माणसावर सोपवली जाई. ज्यांनी हे ठरवले त्यांनी फार शहाणपणाचा निर्णय घेतला, असे मला वाटते. माणसाने लिहिलेले काही यंत्राने परस्पर टाकून देऊ नये, हे तत्त्व त्यात होते.

तार काढून टाकण्याचे प्रयत्न समांतर चालले होते. इन्फ्रारेडसाठी कंपन्यांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या पहिल्या मानकाचा कमाल वेग सेकंदाला ११५.२ किलोबिट, अंतर साधारण एक मीटर, आणि दोन्ही यंत्रांची तोंडे एकमेकांसमोर हवीत. एक मेगाबाइटच्या फोटोला दीड मिनिट लागे आणि तेवढा वेळ हात हलवायचा नाही. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि सहकाऱ्यांनी १९९४ पासून रेडिओलहरींवर काम केले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा एकत्र आल्या आणि ब्लूटूथ उभे राहिले. फाइल पाठवण्याची जी रीत इन्फ्रारेडसाठी तयार झाली होती, ‘ओबेक्स’, तीच ब्लूटूथने उचलली. म्हणून सुरुवातीच्या ब्लूटूथ फोनवर फाइल ‘पाठवता’ येई, पण फोल्डर जुळवता येत नसे.

आपल्याकडच्या अनेकांची या विषयाशी पहिली ओळख याच काळातली. नोकिया ६६००सारख्या फोनवर मित्राचे गाणे ब्लूटूथने घ्यायचे, चार मेगाबाइटला मिनिटभर वाट पाहायची. पुढे २००४च्या ब्लूटूथ २.०ने प्रत्यक्ष वेग सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास नेला. त्या वेगाने दोन जीबीचे कार्ड भरायला दोन तासांहून जास्त लागतात. गावोगावच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्ड काढून द्यायचे आणि थोड्या पैशांत गाणी भरून घ्यायची, ही पद्धत इतकी रुजली त्याचे साधे कारण या गणितात आहे. त्याच २००४ सालात ‘कॅबिर’ हा ब्लूटूथवरून पसरणारा फोनचा विषाणूही आला आणि ब्लूटूथ बंद ठेवण्याची सवय लोकांना लागली.

मोठ्या कंपन्यांनी जुळवणीसाठी एक सामाईक भाषा करायचाही प्रयत्न केला. २००० सालच्या ‘सिंकएमएल’मध्ये नोकिया, आयबीएम, पाम, मोटोरोला, एरिक्सन अशी नावे होती. मात्र तिचा मुख्य भर पत्ते आणि वेळापत्रकांवर राहिला. फाइलींना तिचा फारसा उपयोग झाला नाही.

फाइलींचे उत्तर विद्यापीठांतून आले, आणि तेही फोन डोळ्यांसमोर न ठेवता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘लोकस’ या प्रणालीवर काम करणाऱ्या संशोधकांनी १९८३ मध्ये एक कल्पना मांडली. प्रत्येक फाइलसोबत वेळ लिहू नका, मोजणी लिहा: कोणत्या यंत्राने ही फाइल किती वेळा बदलली. संगणकाची मोजणी तीन आणि फोनची दोन, अशी जोडी एका प्रतीवर असेल आणि दुसरीवर तीन-तीन, तर दुसरी प्रत नि:शंक नवी. पहिलीतले सगळे तिच्यात आलेलेच आहे. पण एकीवर चार-दोन आणि दुसरीवर तीन-तीन असेल, तर दोन्ही यंत्रांनी एकमेकांना न विचारता बदल केले, हे लगेच उघड होते. घरखर्चाच्या तक्त्याचा पेच इथे निदान नेमका ओळखता तरी येतो.

वेळेवर विसंबायचे नाही, हा आग्रह पुस्तकी नव्हता. मेमरी कार्डांवर वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या फॅट३२ पद्धतीत फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहिली जाते, आणि तीही स्थानिक घड्याळाप्रमाणे. पुण्याहून दुबईला गेलेल्या माणसाने लॅपटॉपचे घड्याळ तिथल्या वेळेला लावले की कार्डावरची एकही फाइल न बदलता सगळ्यांच्या वेळा दीड तासाने सरकलेल्या दिसू शकतात. फक्त वेळ पाहणारे सॉफ्टवेअर मग सगळे कार्ड पुन्हा कॉपी करत बसते.

आणखी दोन पाया घालणारी कामे सांगायलाच हवीत. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांनी ‘कोडा’ ही फाइलप्रणाली उभी केली. आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेल्या या संशोधकाने जेम्स किस्लर यांच्यासोबत १९९१ मध्ये दाखवले की नेटवर्कपासून तुटलेल्या लॅपटॉपवरही काम चालू ठेवता येते: आधी बदल करू द्या, जोडणी आली की मेळ घाला, आणि क्वचित येणारा झगडा तेव्हाच सोडवा. आज आपला फोन लिफ्टमध्ये किंवा घाटात रेंज गेल्यावर जसा वागतो त्यामागे हाच विश्वास आहे. दुसरे काम कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत झाले. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचे ‘आरसिंक’ १९९६ मध्ये आले. मोठी फाइल थोडीच बदलली असेल तर सगळी कशाला पाठवायची? एका बाजूने फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाची छोटी खूण पाठवायची, दुसऱ्या बाजूने त्या खुणा आपल्या फाइलमध्ये शोधायच्या आणि जुळणार नाही तेवढाच भाग पाठवायचा. मंद जोडणीसाठी काढलेली ही युक्ती वेगवान जोडणीतही तितकीच कामाची ठरली.

म्हणजे १९९६ सालीच हिशेबाचे सगळे सुटे भाग तयार होते. १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक आले, १९९९ मध्ये सेकंदाला ११ मेगाबिटचे. तरीही घरातल्या घरात फोन आणि संगणक आपोआप जुळावेत, हे व्हायला आणखी बारा-पंधरा वर्षे लागली. कारण फोन कोणाचा, हा प्रश्न मध्ये आला.

आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा नवा फोन सुरू करायलाही तो संगणकाला तारेने जोडावा लागे. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने ‘वायफाय सिंक’ नावाचे ॲप करून हीच जुळणी तारेशिवाय होते हे दाखवले. २०१० मध्ये ॲपलने ते आपल्या दुकानात घेतले नाही. ते ‘सिडिया’ या ॲपलबाहेरच्या ॲप-दुकानात विकले गेले. २०११ मध्ये ॲपलने आयओएस ५ सोबत स्वतःची वायफाय जुळणी दिली, आणि सोबत आयक्लाउडही. तंत्र आधीच शक्य होते, परवानगी नंतर मिळाली. या क्षेत्रात हे पुढेही झालेले आहे.

आयक्लाउडच्या आधीच, सप्टेंबर २००८ मध्ये, ड्रॉपबॉक्स लोकांसाठी खुले झाले होते. ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांच्या या सेवेने जुळवणीचा प्रश्न एका फटक्यात सोपा केला. दोन यंत्रे एकमेकांशी बोलतच नाहीत, दोघे मधल्या सर्व्हरशी बोलतात. कोणता बदल आधी पोहोचला हे सर्व्हर ठरवतो. फोन बंद असला तरी संगणकाचे काम अडत नाही. याचे मोल मोठे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण टेबलावरच्या लॅपटॉपमधली फाइल शेजारच्या फोनवर येण्यासाठी दूरच्या डेटा सेंटरला जाऊन परत येऊ लागली. डेटा महाग असताना आपल्याकडे हे परवडणारे नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर चित्र पालटले, आणि तरीही बहुतेकांनी ड्रॉपबॉक्सपेक्षा सोपी वाट धरली: फाइल व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायची. त्यासाठी एकट्याचा गट करून ठेवणारे इतके होते की २०२२च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने स्वतःला संदेश पाठवण्याची सोयच दिली. त्यातून फाइल पोहोचते, पण प्रत्येक वेळी नवी प्रत जन्माला येते आणि फोटो लहान होऊन येतो. जुळवणे म्हणतात ते हे नव्हे.

इंटरनेट न वापरता पाठवण्याचा मार्ग शेअरइट आणि झेंडर या ॲपांनी घरोघरी नेला. एक फोन हॉटस्पॉट होतो, दुसरा त्याला जोडला जातो, आणि ब्लूटूथच्या कितीतरी पट वेगाने फाइल जाते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांत ही दोन्ही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुगलने अँड्रॉइडवर ‘निअरबाय शेअर’ आणले. २०२४ पासून ते ‘क्विक शेअर’ आहे. हेही पाठवणेच.

सर्व्हरशिवाय खरी जुळवणी परत आली २०१३ मध्ये. एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रे बाहेर काढली ते हेच वर्ष. बिटटॉरेंट सिंक त्याच वर्षी आले, पण त्याचा स्रोत बंद होता, म्हणजे आतला कोड बाहेरच्या कुणाला तपासता येत नव्हता. डिसेंबरमध्ये स्वीडनच्या जेकब बॉर्ग यांनी खुल्या स्रोताचे ‘सिंकथिंग’ प्रसिद्ध केले. त्यात जुन्या संशोधनाचे धागे एकत्र दिसतात. फाइलचे तुकडे करून प्रत्येकाची खूण काढली जाते, प्रत कोणती नवी हे मोजणीवरून ठरते, आणि दोन्हीकडे बदल झाला असेल तर हरलेली प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवली जाते. प्रत्येक यंत्राची ओळख त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रातून निघते आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्यता दिल्याशिवाय काहीच हलत नाही. एका वायफायवर असतील तर यंत्रे एकमेकांना आपोआप शोधतात. वसतिगृहातल्या किंवा कार्यालयातल्या वायफायवर हे बऱ्याचदा चालत नाही, कारण तिथे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेले असते. अशा वेळी फाइल मधल्या टप्प्यावरून, पण कुलूपबंद स्वरूपात जाते.

फोनच्या बाजूने मात्र वाट अरुंद होत गेली. अँड्रॉइड ४.४ने ॲपांना मेमरी कार्डावर हवे तिथे लिहिणे बंद केले, ६.० ने बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी कामे झोपवली, आणि ११ ने सामाईक साठ्यात शिरण्यासाठी खास परवानगी आणली. प्रत्येक निर्णयामागे सुरक्षेचे किंवा बॅटरीचे खरे कारण होते. पण सगळ्या फोल्डरवर सतत नजर ठेवणे हेच ज्याचे काम, त्या ॲपला प्रत्येक निर्णय बोचला. सिंकथिंगचे अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबले. प्ले स्टोअरवर प्रकाशित करणे जवळजवळ अशक्य झाले आहे आणि सांभाळायला पुरेसे हात नाहीत, अशी कारणे सांभाळणाऱ्यानेच दिली. ‘सिंकथिंग-फोर्क’ या वेगळ्या शाखेतून काम पुढे चालू राहिले.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी एक जास्तीची पायरी आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. विंडोजवर फाइलच्या नावात २५५ अक्षरचिन्हे मावतात. अँड्रॉइडवर मर्यादा २५५ बाइटची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला ३० बाइट लागतात, म्हणजे ८५ चिन्हांच्या पुढे गेलेले मराठी नाव संगणकावर नीट दिसते आणि फोनवर उतरतच नाही. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांची गोष्ट आणखी बारीक आहे. त्यातला ‘ऱ’ एकाच चिन्हाने, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) मिळून, असा दोन प्रकारे साठवता येतो. काही कीबोर्ड त्याऐवजी ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लिहितात. जुन्या मॅकची फाइलप्रणाली पहिला प्रकार दुसऱ्यात बदलून ठेवत असे. डोळ्यांना नाव एकच, पण यंत्रांना या वेगळ्या फाइली वाटू शकतात. सिंकथिंग पहिल्या दोन प्रकारांचा मेळ स्वतः घालू शकते. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा तिसरा प्रकार युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सामाईक पद्धतीच्या, नियमांनुसार वेगळाच मजकूर ठरतो, म्हणून तो नावात असेल तर फाइल हातानेच पुन्हा नाव देऊन सरळ करावी लागते.