एफपीव्ही ड्रोन (युक्रेन युद्ध)

एफपीव्ही (फर्स्ट पर्सन व्ह्यू, म्हणजे जणू स्वतः आत बसून बघतोय असं दृश्य) ड्रोन म्हणजे चार पंख्यांचा छोटा ड्रोन, याच्या नाकावर कॅमेरा असतो आणि उडवणारा डोळ्यांवर गॉगल चढवून कॅमेऱ्याला जे दिसतं तेच बघत तो चालवतो. आधी हे रेसिंगच्या हौशी लोकांचं खेळणं होतं, 2022 नंतर रशिया-युक्रेन युद्धात त्याचं हत्यार झालं, आणि माझ्या मते या युद्धात सगळ्यात जास्त बदल यानेच केला, मोठ्या महागड्या ड्रोननी नाही.

बनावट अगदी साधी असते. कार्बन फायबरची फ्रेम, चार मोटर, वर पट्ट्याने आवळलेली बॅटरी आणि खाली आरपीजीचा (खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी रॉकेटचा) दारूगोळा प्लास्टिकच्या टायने बांधलेला. खर्च साधारण 400-500 डॉलर, म्हणजे एका बऱ्यापैकी मोबाईलएवढा, आणि एवढ्यात लाखो डॉलरचा रणगाडा जातो. 2023-24 च्या हिवाळ्यात अमेरिकेची मदत अडकली, युक्रेनकडे तोफगोळे संपत आले, तेव्हा ती कमी भरून काढायला यांचा वापर भयंकर वाढला. 2024 मध्ये युक्रेनने ड्रोनसाठी सैन्याची वेगळी शाखाच काढली.

यावर पहिला तोड म्हणजे जॅमर, म्हणजे रेडिओ सिग्नल दाबून टाकणारं यंत्र. रेडिओ सिग्नल तुटला की गॉगलमध्ये नुसत्या मुंग्या दिसतात आणि ड्रोन कुठेतरी जाऊन पडतो, तसंही शेवटच्या काही सेकंदांत ड्रोन खाली आला की झाडं-घरं आड येऊन चित्र फाटतंच. मग 2024 मध्ये रशियाने फायबर ऑप्टिकचे ड्रोन मोठ्या प्रमाणात आणले, यात मागे केसासारख्या बारीक तारेचं रीळ असतं, ते उडता उडता सुटत जातं, 10-20 किलोमीटरपर्यंत, आणि सगळं नियंत्रण तारेतूनच असल्यामुळे जॅमर काही करू शकत नाही. पूर्व युक्रेनच्या शेतांवर आता या तारांची जाळी पडलेली दिसतात. रणगाड्यांवर लोखंडी पिंजरे आले, रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी खांब रोवून वरून मासेमारीची जाळी टाकली गेली, आणि फ्रंटपासून कित्येक किलोमीटर मागेसुद्धा दिवसाउजेडी गाडी काढणं जिवावरचं झालं, जखमींना बाहेर काढायला रात्रीची किंवा धुक्याची वाट बघावी लागते.

1 जून 2025 ला तर युक्रेनने ट्रकवरच्या लाकडी केबिनमध्ये लपवून नेलेले 117 ड्रोन रशियाच्या आतून उडवले आणि थेट सायबेरियातल्या बेलाया तळापर्यंतची बॉम्बर विमानं जाळली.

पण दक्षिण युक्रेनमधल्या खेरसोन शहराबद्दल बोलल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. तिथे नदीपलीकडून रशियन ड्रोन बाजाराला निघालेल्या, सायकलवरच्या, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या साध्या माणसांमागे लागतात, अँब्युलन्सही सोडत नाहीत. चालवणाऱ्याला समोर कोण आहे ते कॅमेऱ्यात दिसत असतं, त्यामुळे चुकून झालं असं म्हणायला जागाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे 2025 मध्ये हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले.

आपल्याकडे नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजचा नागास्त्र-1 याच जातीतला, फक्त विमानासारख्या पंखांचा. तो सुमारे 1 किलो स्फोटक नेतो आणि लक्ष्य नाही मिळालं तर पॅराशूटने परत उतरवता येतो, 2024 मध्ये तो भारतीय लष्कराला मिळायला लागला. खरी अडचण सुट्या भागांची आहे, मोटर, बॅटरी, मोटरमधली चुंबकं यात जगभर चीनचाच वरचष्मा आहे आणि युक्रेन, रशिया दोघंही तिथलाच माल वापरतात. भारताने लष्करी ड्रोनमध्ये चिनी भाग वापरायला बंदी घातली आहे, त्यामुळे आपल्या कंपन्यांना हे भाग इथे बनवावे लागतील नाहीतर दुसरीकडून महाग घ्यावे लागतील.