समुद्राच्या न्यायासाठी भारताची वर्गणी

संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा कराराला भारताने जून 1995 मध्ये मान्यता दिली आणि त्याबरोबर दोन संस्थांचा खर्च उचलण्याची कायमची जबाबदारीही स्वीकारली. पहिली संस्था म्हणजे जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरण आणि दुसरी म्हणजे कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरील समुद्रतळावरील खनिजांचे नियमन करणारे, जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण. ही वर्गणी ऐच्छिक देणगी नाही, ती प्रत्येक सदस्य राष्ट्रावर बंधनकारक आहे.

कोणी किती द्यायचे, याचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकासाठी दर तीन वर्षांनी ठरणाऱ्या प्रमाणात आहे. त्यासाठी देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाची तीन आणि सहा वर्षांची सरासरी काढली जाते, परकीय कर्जाचा भार वजा होतो आणि दरडोई उत्पन्न कमी असल्यास सवलत मिळते. भारताच्या बाबतीत ही शेवटची सवलत फार महत्त्वाची आहे, कारण आपली अर्थव्यवस्था मोठी असली तरी ते उत्पन्न प्रचंड लोकसंख्येत विभागले जाते. 2022 ते 2024 या काळात भारताचा वाटा 1.044 टक्के होता. सागरी कायद्याच्या या दोन संस्थांच्या वर्गणीत कोणत्याही देशाचा वाटा 0.01 टक्क्याहून कमी किंवा 22 टक्क्यांहून अधिक नसतो.

मात्र संयुक्त राष्ट्रांत 22 टक्के भार उचलणारी अमेरिका या कराराची सदस्यच नाही. तिचा वाटा उरलेल्या देशांत विभागला जातो, आणि केवळ तिलाच वगळून हिशेब केला तरी भारताचे 1.044 टक्के सुमारे 1.34 टक्के होतात. जगातील सर्वांत बलाढ्य नौदल बाळगणाऱ्या आणि या करारातील बहुतेक नियम रूढ कायदा, म्हणजे करारावर सही नसतानाही बंधनकारक ठरणारी प्रथा, म्हणून मान्य करणाऱ्या देशाने खर्चातून बाहेर राहावे, हे मला अन्यायकारक वाटते.

या पैशातून काय मिळते, हे बंगालच्या उपसागरातील दोन प्रकरणांवरून समजते. बांगलादेश आणि म्यानमार यांच्या सागरी सीमेचा निकाल हॅम्बुर्गच्या न्यायाधिकरणाने 2012 मध्ये दिला. तेथील 21 न्यायाधीशांचा आणि कार्यालयाचा खर्च वर्गणीतून भागतो, त्यामुळे सदस्य देशांना न्यायाधीशांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. भारत आणि बांगलादेश यांचा वाद मात्र लवादाकडे गेला आणि त्याचा निवाडा 2014 मध्ये झाला. अशा लवादाचा खर्च सर्वसाधारणपणे दोन्ही पक्षांना निम्मानिम्मा सोसावा लागतो. गरीब देशाला बलाढ्य शेजाऱ्याविरुद्ध दाद मागायची असेल, तर हा फरक निर्णायक ठरू शकतो.

किंग्स्टनच्या प्राधिकरणाची अवस्था अधिक नाजूक आहे. खोल समुद्रतळावरील खनिजांच्या उत्पन्नातून त्याचा खर्च भागेल, अशी मूळ अपेक्षा होती, परंतु व्यापारी उत्खनन अजून सुरूच झालेले नाही. 1994 च्या पूरक कराराने प्रशासकीय खर्चासाठी कर्ज काढण्यासही मनाई केली. त्यामुळे सदस्यांच्या वर्गणीखेरीज मुख्यतः शोधकार्याचे कंत्राट घेतलेल्यांकडून येणारे शुल्क एवढाच आधार उरतो. भारत ही दोन्ही देणी देतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने जानेवारी 1981 मध्ये समुद्रतळावरून मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेले गोटे वर काढले. त्या कामातून पुढे मध्य हिंदी महासागरातील 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्राच्या शोधाचे हक्क भारताला मिळाले.

वर्गणी थकवल्यास काय होते, हे कराराच्या 184 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. थकबाकी मागील दोन पूर्ण वर्षांच्या देय रकमेइतकी किंवा तिच्याहून अधिक झाली, की त्या राष्ट्राला प्राधिकरणात मत देता येत नाही. अडचण त्याच्या आवाक्याबाहेरची असल्याची खात्री पटल्यास प्राधिकरणाच्या सर्व सदस्यांची सभा त्याला मतदानाची परवानगी देऊ शकते. खोल समुद्रातील उत्खननाचे नियम सध्या याच प्राधिकरणात आकार घेत असल्यामुळे 0.01 टक्का भरणाऱ्या एखाद्या बेटराष्ट्रासाठीही वेळेवर वर्गणी भरणे, म्हणजे त्या नियमांवरील आपला हक्क राखणे आहे.