रँडम वॉलपेपर लावला तरी तेच तेच फोटो का येतात?

एका फोल्डरमध्ये गडांचे, पावसाळ्यातले, घरच्यांचे मिळून ३० फोटो टाकायचे आणि दर अर्ध्या तासाने वॉलपेपर आपोआप बदलायला लावायचा, ही सोय विंडोजमध्ये २००९ पासून म्हणजे विंडोज ७ पासून आहेच. तरी बरेच जण स्वतःची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहितात नाहीतर एखादं फुकटचं ॲप घेतात, आणि मग तक्रार ठरलेली, रँडम लावलंय तरी तेच तेच फोटो येतात आणि काही तर येतच नाहीत. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो हो, रँडम असंच वागतं.

दर वेळी ३० मधला कुठलाही एक उचलायचा आणि आधी काय दाखवलं ते लक्षात ठेवायचं नाही, असं असेल तर पहिल्या सात फोटोंतच एखादा रिपीट व्हायची शक्यता ५३ टक्के असते. ३० वेळा बदलून झाल्यावरही सरासरी ११ फोटो एकदाही दिसलेले नसतात. आणि सगळे निदान एकदा तरी दिसायला सरासरी १२० वेळा वॉलपेपर बदलावा लागतो, कारण शेवटी जो एकच फोटो उरतो ना, त्याचा नंबर लागायलाच सरासरी ३० वेळा वाट बघावी लागते!

खरं तर आपल्याला हवं असतं पत्ते पिसल्यासारखं, म्हणजे क्रम कसाही चालेल पण प्रत्येक पान एकदाच. याची रीत फिशर आणि येट्स या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलवाली दिली आणि १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डने ती कॉम्प्युटरसाठी सुटसुटीत केली. यादीच्या शेवटच्या जागेपासून सुरू करायचं, त्या जागेसकट तिच्या आधीच्या सगळ्यांतून एक रँडम निवडायचा, दोघांची अदलाबदल करायची आणि एक जागा मागे सरकायचं, बस्स. २९ अदलाबदलीत काम होतं आणि कुठलाही क्रम यायची शक्यता अगदी सारखी राहते, मला ही रीत फारच सुंदर वाटते.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी मात्र हा क्रम आणि आपण कितव्या फोटोवर आहोत हे फाइलमध्ये सेव्ह करावं, नाहीतर कॉम्प्युटर रोज बंद केला की दुसऱ्या दिवशी पिसणं पुन्हा पहिल्यापासून आणि न दिसलेले फोटो तसेच राहतात. आणि सगळे दाखवून झाल्यावर पुन्हा पिसलेल्या नवीन फेरीचा पहिला फोटो जुन्या फेरीतला शेवटचाच निघाला, तर त्याला उचलून मध्येच कुठेतरी टाकायचं.