झिरो माईलच्या खांबावर मुंबई का नाही?

नागपूरच्या विधान भवनाच्या आग्नेयेला, सीताबर्डीच्या रहदारीला लागूनच, चार घोड्यांचे पुतळे आणि वालुकाश्माचा एक खांब उभा आहे, तोच झिरो माईल. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला 'भारताचा मध्यबिंदू' दाखवायला नेतो, फोटो काढतो आणि निघतो. खांबावरची अक्षरं वाचायची मात्र राहून जातात.

शिवनी ७९ मैल, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, चांदा १२५, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. मुंबई नाही, पुणेही नाही. कारण हा खांब इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांताचा आहे. १८६१ साली तो प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. तेव्हाचा कारभार सातपुडा ओलांडून नर्मदेपलीकडे आणि पूर्वेला छत्तीसगडपर्यंत चाले. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. शिवनी, छिंदवाडा, बैतूल, जबलपूर मध्य प्रदेशातच राहिले. आजच्या नकाशावर परराज्यातली वाटणारी ही गावं एकेकाळी आपल्याच घरातली होती, हे भर रस्त्यात उभं राहून सांगणारा दुसरा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

मध्यबिंदूची गोष्ट आपल्या लाडाची आहे खरी, पण इथला दगड मुळात मोजणीचा. देशाची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासला विल्यम लॅम्बटनने सुरू केली. दक्षिणेतून मोजत मोजत वर येताना, नागपूरच्या वाटेवर, जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर त्याला गाठता आलं नाही. पुढे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवायला जागोजागी खूणदगड बसवले गेले. त्यातला १९०७ चा दगड या खांबाजवळ आहे आणि इथली नोंदलेली उंची १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! दुर्बीण आणि मोजपट्टी घेऊन, कोस कोस पायी चालून काढलेला हा आकडा आहे. तो वाचताना मला दरवेळी त्या अनाम खलाशांची, म्हणजे मोजणीच्या मजुरांची, आठवण येते. लॅम्बटनचं नाव राहिलं, साखळ्या ओढणाऱ्यांचं नाही.

म्हणून मुलांना तिथे न्याल तेव्हा घोड्यांपाशी थांबू नका. खांबाभोवती एक चक्कर मारा, गावांची नावं मोठ्याने वाचायला लावा. चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर, हेही तिथेच सांगा.