‘एक कॅरटचा भाव काय?’ याचं उत्तर आम्ही फोनवर का देत नाही

सोन्याला रोजचा भाव असतो, हिऱ्याला नसतो. तरी फोनवर पहिला प्रश्न हाच येतो, आणि आकडा सांगितला नाही की आम्ही गिऱ्हाईक बघून किंमत लावतो असा समज होतो. कॅरट हे नुसतं वजन आहे, ०.२ ग्रॅम. त्याच वजनाच्या दोन नगांच्या किमतीत दुपटीहून जास्त अंतर असू शकतं. त्यापेक्षा आकार, धातू आणि जास्तीत जास्त बजेट फोनवर सांगा, तीन-चार नग काढून ठेवतो.

कलर, क्लॅरिटी, कट, कॅरट ही चौकडी आता सगळ्यांना पाठ आहे. घोळ कटपाशी, म्हणजे पैलू कसे पाडलेत तिथे होतो. दोन कोटेशनं समोर येतात: दोन्ही एक कॅरट, दोन्हींचा कलर जी, दोन्हींची क्लॅरिटी व्हीएस१, मग तुमचाच महाग का? कटची ओळ वाचलेलीच नसते, आणि मग पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

हिऱ्यात शिरलेला प्रकाश फिरून वर डोळ्यांकडे आला तरच हिरा चमकतो. पैलूंचे कोन चुकले की तो खालून किंवा बाजूने निसटतो. वजन वाचवायला नगाचं पोट जाड ठेवलेलं असेल, तर कागदावर एक कॅरट भरतो आणि बोटावर ९० सेंटचा (०.९० कॅरटचा) दिसतो. म्हणून सर्टिफिकेटवरची मापं बघा. नीट पैलू पाडलेला एक कॅरटचा गोल नग साधारण ६.५ मिलिमीटर असतो. ६.२ असेल तर न दिसणाऱ्या वजनाचे पैसे जाताहेत. ओव्हल, पेअर अशा आकारांना बहुतेकदा कटचा ग्रेडच दिलेला नसतो. तिथे पॉलिश आणि सिमेट्री ‘एक्सलंट’ लिहिलेली असते. तो कटचा ग्रेड नव्हे. असा नग डोळ्यांनी बघूनच घ्यावा, आणि दुकानातल्या स्पॉटलाइटखाली नको, तिथे काहीही चमकतं. आमच्याकडे खुशाल खिडकीपाशी नेऊन बघा.

व्हीव्हीएसचा, म्हणजे व्हीएसच्याही वरच्या क्लॅरिटीचा हट्ट मात्र सोडा. क्लॅरिटी, म्हणजे आत दोष किती, ही दहापट भिंगाखाली ठरते. व्हीएस२ मधला दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. तिथे वाचलेले पैसे कटवर घाला. पूर्ण एक कॅरटला किंमत उडी मारते, तेव्हा ९५ सेंटचा चांगला नग मिळाला तर सोडू नका.

आम्ही हिरा आधी सुटा दाखवतो, पसंत पडल्यावर जडवतो. यात दिवस जातात आणि त्याबद्दल बोलणी आम्हीच खातो. पण कोंदणात बसलेल्या नगाचं वजन अंदाजानेच सांगावं लागतं, कडेचे दोष प्राँगखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखांखाली) लपतात आणि पिवळ्या सोन्यात हिऱ्याची पिवळी झाक कळत नाही. (तुम्हाला पिवळ्या सोन्यातच जडवायचा असेल तर हे पथ्यावरच पडतं. डी-ई या सगळ्यात पांढऱ्या कलरचा खर्च कशाला, त्याखालचा एच छान दिसतो.) हिऱ्याच्या कंबरेवर (सगळ्यात रुंद कडेवर) लेझरने कोरलेला नंबर सर्टिफिकेटशी जुळतो का, हेही जडवण्याआधी भिंगातून तुम्हाला दाखवतो. तेवढी दोन मिनिटं घाई करू नका.

लॅबमध्ये वाढवलेले हिरेही आम्ही ठेवतो, वेगळ्या ट्रेमध्ये, आणि बिलावर तसं स्पष्ट लिहितो. ते खरे हिरेच आहेत. साध्या टेस्टर पेनला फरक कळत नाही, म्हणून पेन लावून कोणी ‘नैसर्गिक’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्याच पैशांत नग बराच मोठा येतो, पण पुढे विकायला गेलात तर हाती फार थोडं येईल.

आणि हिऱ्यावर दुसऱ्या हिऱ्याशिवाय सहसा कशाचा ओरखडा उठत नसला तरी धक्क्याने कड उडू शकते. म्हणून हिऱ्याचे दोन दागिने एका डबीत ठेवू नका. प्राँग वर्षातून एकदा तपासून घ्या. आमच्याकडच्या दागिन्यांना त्याचे पैसे पडत नाहीत. येताना मूळ सर्टिफिकेट आणा, मोबाइलमधला फोटो पुष्कळदा इतका अंधूक असतो की नंबरच वाचता येत नाही.